रक्त दिसल्यानंतरची वाट

अकलूजहून पंढरपूरच्या दिशेने निघालो की माळीनगर मागे पडते आणि श्रीपूर येते. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वाढले. आज पांडुरंग सहकारी साखर कारखाना ही त्याची ओळख आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हा परिसर दुप्पट भरलेला असतो. याच पट्ट्यातल्या प्रत्येक बाजाराच्या गावात ‘मूळव्याध, भगंदर, फिशर : विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या दिसतात. इतक्या पाट्या चालतात याचा अर्थ उघड आहे. शौचावाटे रक्त जाणारी माणसे इथे पुष्कळ आहेत आणि ती पैसे मोजून कुठेतरी जात आहेत.

त्यातल्या बहुतेकांना खरोखरच मूळव्याध असते. काहींना रक्ताची आव असते. थोड्यांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग असतो, आणि हे थोडे लोक त्या पाट्यांखाली महिनोन्‌महिने घालवून मग सोलापूर, बार्शी, पुणे किंवा परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचतात. विमा नाही, रोजावर पोट आहे, अशा माणसाला या रोगाची मोफत तपासणी मिळावी का आणि मिळायची तर कोणत्या क्रमाने, हा या लेखाचा विषय आहे. जगाने या प्रश्नावर पन्नास वर्षे काम केले आहे. पण त्याचे एक महत्त्वाचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातच, श्रीपूरपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, दुसऱ्या एका कर्करोगाच्या निमित्ताने शोधले गेले आहे.

आधी रोगाविषयी. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर वयानुसार छोटे कोंब उगवतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब आयुष्यभर निरुपद्रवी राहतात, काही मात्र वाढत जाऊन साधारण दहा वर्षांच्या काळात कर्करोगाचे रूप घेतात. हा लांब अवधी हीच तपासणीची संधी आहे. कोंब वेळेत सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो आणि कर्करोग होतच नाही. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रियेने माणूस बरा होतो. यासाठी दोन मार्ग रूढ आहेत. एक म्हणजे शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणे आणि ते आढळले तरच पुढे दुर्बिणीने पाहणे. दुसरा म्हणजे सगळ्यांचीच थेट कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करणे.

शौच तपासणीचा भक्कम पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून आला. ४६ हजारांहून अधिक लोकांवरच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर वर्षी नमुना तपासणाऱ्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तेरा वर्षांत ३३ टक्क्यांनी घटले होते. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा आणि डेन्मार्कमधल्या फ्युन बेटाचा असे दोन अभ्यास आले. तिथे नमुना दोन वर्षांतून एकदा घेतला जात होता आणि घट १५ ते १८ टक्के होती. हे सारे जुन्या ग्वायक पद्धतीच्या कागदी चाचणीवरचे काम. आता तिची जागा फिट नावाच्या चाचणीने घेतली आहे. ती फक्त मानवी रक्तातले हिमोग्लोबिन ओळखते, म्हणून आदल्या दिवशी मुळा खाल्ला की मटण, याने तिचा निकाल बिघडत नाही. थेट कोलोनोस्कोपीचा मोठा अभ्यास पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधला. त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ज्यांना तपासणीचे बोलावणे गेले त्यांच्यात कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी कमी झाली, पण बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष आले अवघे ४२ टक्के. घरोघरी शौचालय आणि दारात रस्ता असलेल्या युरोपातही निम्म्याहून अधिक लोक आले नाहीत, हे श्रीपूरचा विचार करताना विसरता येत नाही.

गरीब आणि विमा नसलेल्यांसाठी काय झाले, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले डेलावेअर हे चिमुकले राज्य आहे. तिथे विमा नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राज्य सरकारने कोलोनोस्कोपी मोफत केली. इतके इतरांनीही केले आहे. डेलावेअरने त्यापुढे जाऊन दोन गोष्टी केल्या. तपासणीत कर्करोग निघाला तर उपचाराचा खर्चही राज्याने उचलला, आणि प्रत्येक रुग्णालयात अशा परिचारिका नेमल्या की त्यांचे काम फक्त माणसाला फोन करणे, तारीख ठरवणे, गाडीची सोय पाहणे आणि घाबरलेल्याला धीर देणे. २००२ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांत या तपासणीचे प्रमाण ४८ टक्के होते. २००९ पर्यंत ते ७४ टक्के झाले आणि गोऱ्या लोकांच्या बरोबरीला आले. कृष्णवर्णीयांत उशिरा निदान होण्याचे प्रमाणही घसरले. ही तफावत पिढ्यान्‌पिढ्यांची होती आणि ती सात-आठ वर्षांत मिटवता आली. त्यातली कोलोनोस्कोपी काही नवी नव्हती. नवी होती ती रुग्णाला अखेरपर्यंत नेऊन सोडणारी व्यवस्था.

आपल्याला त्याहून जवळचे उदाहरण थायलंडच्या उत्तरेकडच्या लांपांग प्रांताचे. २०११ मध्ये तिथे ५० ते ६५ वयाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत फिट चाचणी देण्यात आली. ६२.९ टक्क्यांनी नमुना दिला. त्यातल्या फक्त १.१ टक्क्यांचा निकाल पॉझिटिव्ह आला आणि त्यांपैकी ७२ टक्के लोक कोलोनोस्कोपीला गेले. या प्रयोगामागे फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती आणि तिथले डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन होते. हे नाव बार्शीत पुन्हा भेटेल.

भारतात मात्र हा रोग राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात नाही. २०१६ मध्ये केंद्राने तीस वर्षांवरील सर्वांसाठी तपासणीची मार्गदर्शक सूत्रे काढली. त्यात मधुमेह आणि रक्तदाबासोबत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग घेतले. आतड्याचा घेतला नाही. हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ७० हजार लोकांना हा रोग होतो आणि ४० हजारांच्या आसपास दगावतात. आकडा मोठा दिसतो, पण लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या कितीतरी खाली आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रात तर आणखी कमी. बार्शीची कर्करोग नोंदणी देशातल्या सर्वांत कमी कर्करोग-दर दाखवणाऱ्या नोंदण्यांपैकी एक आहे. रोग विरळ असला की तपासणीच्या प्रत्येक खऱ्या सापडण्यामागे अनेक खोटे इशारे येतात. शिवाय जे तीन कर्करोग कार्यक्रमात घेतले, त्यांची तपासणी तरी कुठे होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के होत्या, स्तनाची आणि तोंडाची झालेल्या प्रत्येकी ०.९ टक्के. या स्थितीत चौथा कर्करोग कागदावर वाढवून काय साधणार, हा प्रश्न रास्त आहे.

तरीही प्रश्न तिथे संपत नाही, कारण भारतातला रुग्ण वेगळा आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी २०१७ मध्ये आपल्याकडच्या आठशे रुग्णांचा लेखाजोखा मांडला. त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीतला आजार मानतात आणि तिथली तपासणी परवापरवापर्यंत पन्नाशीपासून सुरू होत असे. अमेरिकेने २०२१ मध्ये ती ४५ वर आणली. आपल्याकडे पन्नाशीची रेघ ओढली तर जवळजवळ निम्मे रुग्ण रेघेच्या अलीकडे राहतील. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते: आपल्याकडे गुदाशयाच्या गाठींचा वाटा मोठा आहे. गुदाशय म्हणजे आतड्याचा अगदी शेवटचा भाग. तिथल्या गाठीतून जाणारे रक्त लपून राहत नाही, लाल दिसते. त्याच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागते.

माझ्या मते श्रीपूरसारख्या ठिकाणचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. ज्या रोगाचे रक्त डोळ्यांना दिसते आणि ज्याची गाठ बोटाला लागते, तो आपल्याकडे उशिरा सापडतो. याचे कारण आपल्याकडे अदृश्य रक्त शोधणारी चाचणी नाही, हे असू शकत नाही. दिसलेले रक्त कुणी मनावर घेत नाही, हे ते कारण आहे. पस्तिशी-चाळिशीचा गडी ‘रक्त जातंय’ म्हणाला की ऐकणारा ‘उष्णता झाली असेल, ताक पी’ म्हणतो. बाई तर सांगतच नाही. डॉक्टरकडे गेले तरी पडदा नसतो, सोबत परिचारिका नसते, तपासायला पुरुष डॉक्टर असतो. मग कपडे न काढताच मलम आणि गोळ्या मिळतात. बाईचे हिमोग्लोबिन सात असले तर ते पाळीमुळे, असे धरले जाते. पुरुषाचे आठ असले तर त्याला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, पण रक्त जाते कुठे हे विचारले जात नाही. क्षारसूत्राने भगंदर बरे होते, ही सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे आणि आयुर्वेदाच्या पदवीधरांना ती चांगली येते. आक्षेप त्या उपचारावर नाही. आत बोट घालून न पाहता उपचार सुरू करण्यावर आहे, मग करणारा कोणत्याही पॅथीचा असो.

आता बार्शीकडे वळू. अश्विनी ग्रामीण कर्करोग संशोधन व सहायता संस्थेचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय तालुक्याच्या गावात उभे राहिले, ज्या काळात कर्करोग म्हणजे मुंबई हे समीकरण पक्के होते. १९८७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्यात आली. शहरातल्या नोंदणीचे काम रुग्णालयांच्या कागदांवर भागते. इथे कागदच नव्हते. रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत, घरीच मरत. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, दाई, गावातल्या जाणत्या बायका यांना भेटून ते विचारत की कुणाच्या अंगावरून अवेळी जाते का, कुणाच्या तोंडातला व्रण भरत नाही का. विचारता विचारता सांगणेही होई: असे काही दिसले तर थांबू नका, बार्शीला या. डॉ. भगवान नेने आणि नोंदणीशी संबंधित डॉ. कस्तुरी जयंत यांनी पुढे नव्वदच्या दशकात जे प्रसिद्ध केले ते जगभर वाचले गेले. कोणतीही सामूहिक चाचणी न करता, निव्वळ या बोलण्यामुळे आणि पुढची सोय हाताशी असल्यामुळे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या आणि जास्त जगू लागल्या.

चाचणी त्यानंतर आली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि शंकरनारायणन यांची ल्योंची संस्था यांनी मिळून १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि काहींत नेहमीची व्यवस्था व माहिती. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. त्या गटात ३४ स्त्रिया दगावल्या, तुलनेच्या गटात ६४. बार्शीच्या आसपासच्या कोरडवाहू गावांतल्या या बायकांनी जगाचे तपासणीचे धोरण बदलायला हातभार लावला. या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते गंभीर आहेत. तपासणीचा उपयोग माहीत असताना तुलनेच्या गटातल्या गरीब स्त्रियांना चाचणीवाचून का ठेवले, हा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारला. श्रीपूरला उद्या काही करायचे ठरले तर हा आक्षेप समोर ठेवूनच करावे लागेल. सर्वांना सोय द्यायची आणि तिचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवायचा.

बार्शीच्या कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी रुग्णालय उभे राहिले. मग गावागावांत ओळख झाली आणि लक्षणांचे ज्ञान पोहोचले. चाचणी सर्वांत शेवटी आली. आपल्या आजच्या आरोग्य शिबिरांत नेमके याच्या उलटे होते. मांडव पडतो, फलक लागतो, तपासणी होते, दुसऱ्या दिवशी मांडव निघतो. २०२३ च्या आषाढीला पंढरपुरात राज्य सरकारचे महाआरोग्य शिबिर झाले. वारकऱ्यांना औषधपाणी मिळाले ते चांगलेच झाले. पण ज्याच्या शौचात रक्त सापडले तो माणूस द्वादशीला गावाकडे परतला की त्याचा पाठपुरावा कुणी करायचा, याचे उत्तर शिबिरात नसते.

श्रीपूरच्या परिसरात हा पाठपुरावा सर्वांत अवघड आहे तो ऊसतोड कामगाराचा. कायद्याच्या नजरेने पाहिले तर तो जवळजवळ कुणाचाच नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात ‘हंगामी कारखाना’ अशी व्याख्या होती आणि साखर व गूळ तयार करणारे कारखाने तिच्यात नाव घेऊन घातलेले होते. हंगामी कारखान्यांना हा कायदा लागू झाला नाही. म्हणजे कारखान्याच्या आत काम करणाऱ्यालाही ईएसआयचे दवाखाने नाहीत, आणि तोडणीवाला तर मुकादमाच्या हाताखाली, कारखान्याच्या पटाबाहेरच. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या सुमारे ८६ टक्के लोकांना कोणतेही आरोग्यसंरक्षण नव्हते. त्यातला तळचा थर पाहायचा तर कोपीत पाहावा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. २०२४ च्या सुरुवातीला ३४ टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्यातून फेडायची असते. एक दिवस कामावर न जाणे म्हणजे खाडा. मजुरी बुडते आणि वर मुकादम दंड लावतो. या हिशेबात ‘मोफत’ कोलोनोस्कोपीचीही किंमत असते. सोलापूरला जायचा एक दिवस, तपासणीचा एक दिवस, अहवालाचा एक दिवस, आणि सोबत आलेल्याचे तेवढेच दिवस.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री पोट साफ करायचे औषध दोन ते चार लिटर पाण्यातून प्यावे लागते आणि मग रात्रभर दहा-पंधरा वेळा शौचाला जावे लागते. कोपीला शौचालय नसते. डिसेंबरच्या थंडीत, अंधारात, फडाच्या बांधावर एका बाईने हे करायचे, असे कोणत्याही मार्गदर्शक सूत्रात लिहिलेले नाही, कारण लिहिणाऱ्याने ती बाई कधी डोळ्यांपुढे आणलेली नाही. शौचाचा नमुना घेण्याचेही तसेच. किटमधल्या कागदावर नमुना धरायचा, तो मातीला आणि पाण्याला लागू द्यायचा नाही. शिवाय फिटच्या नमुन्यातले हिमोग्लोबिन उष्णतेने विघटित होते. मार्च-एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. नमुना दोन दिवस पिशवीत पडून राहिला तर रक्त असूनही निकाल निगेटिव्ह येईल आणि रुग्ण निर्धास्त होऊन परत जाईल. म्हणून नमुने गोळा करायचेच तर थंडीत, त्याच दिवशी शीतपेटीतून पोहोचवून.

ऊसतोड बायकांच्या बाबतीत आणखी एक जखम आहे आणि ती कर्करोगाच्या भीतीशी थेट जोडलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेकींनी सांगितले की ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे डॉक्टरांनी बजावले होते. पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यावर, कोणतीही तपासणी न करता. विश्वासार्ह मोफत तपासणी जिथे नसते तिथे कर्करोग हा शब्दच धंद्याचे साधन होतो. आतड्याच्या कर्करोगाची जागृती करताना हे ध्यानात ठेवले नाही, तर आज पिशवीच्या नावाने जे झाले ते उद्या मूळव्याधीच्या नावाने होईल. ‘रक्त म्हणजे कॅन्सर’ अशी भीती पसरवायची नाही. ‘रक्त दिसले तर इथे या, फुकट बघू, आणि शंभरातल्या बहुतेकांना साधेच काही निघते’ असे सांगायचे आहे.

सरकारी योजनांकडे आता पाहू. इथे सोलापूर मागे नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यात सोलापूर होते. २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. दीड लाखाची मर्यादा पुढे पाच लाखांवर गेली आणि २०२३ च्या निर्णयाने पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही ती खुली झाली. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी यांसाठी या योजनेने हजारो घरांची जमीन वाचवली आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण तिचा भर रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. कर्करोग आहे हे ठरल्यावर दार उघडते. तो आहे की नाही हे ठरवेपर्यंतची तपासण्यांची फेरी, खाजगी कोलोनोस्कोपीचे काही हजार, तुकडा तपासणीचे पैसे, हे बहुधा खिशातून जातात, आणि गरीब माणूस नेमका तिथेच थबकतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्व सेवा निःशुल्क झाल्या. उत्तम झाले. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात नाहीत, आणि आतड्याची दुर्बीण तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सहसा नसते. जिथे सेवा फुकट आहे तिथे यंत्र नाही, अशी ही अडचण आहे.

मग श्रीपूरला काय करता येईल? मला पहिली पायरी अगदी साधी दिसते. आशाताई घरोघरी जो जोखीम-अर्ज भरतात त्यात ‘शौचावाटे रक्त जाते का, दोन-तीन आठवड्यांपासून शौचाची सवय बदलली आहे का’ हे विचारणे ठळकपणे यावे, वय कितीही असले तरी. हो म्हणणाऱ्याला आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पडद्याआड, बाईसाठी बाई डॉक्टर किंवा निदान परिचारिका सोबत ठेवून, बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने तपासावे. प्रॉक्टोस्कोप हे काही हजारांचे यंत्र नव्हे, पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरता येणारी नळी आहे. एका हातमोज्याच्या खर्चात गुदाशयाच्या बऱ्याच गाठी इथे कळतील. उरलेल्यांची मूळव्याध खरीच मूळव्याध आहे हेही कळेल, आणि त्यांचे पाट्यांखाली जाणारे पैसे वाचतील. आवेचा उपचार करूनही रक्त थांबले नाही, किंवा रक्तक्षयाचे कारण सापडले नाही, तर दुर्बिणीसाठी पाठवावे.

दुर्बीण अकलूजच्या उपजिल्हा रुग्णालयात यावी. हे स्वप्नरंजन नाही, हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत माळशिरस तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८५ हजार होती. ५० ते ६५ वयाचे लोक त्याच्या आठव्या हिश्श्याइतके, म्हणजे ६० हजार, धरू. लांपांगइतक्या लोकांनी फिट चाचणी दिली तर ३८ हजार नमुने येतील. तिथल्याच प्रमाणात निकाल पॉझिटिव्ह आले तर कोलोनोस्कोपी लागेल सव्वाचारशे जणांना. आपल्याकडे मूळव्याध आणि आव जास्त म्हणून हा आकडा दुप्पट केला तरी दोन वर्षांच्या फेरीत आठवड्याला आठ-नऊ. लक्षणे असलेले रुग्ण वेगळे धरून एक प्रशिक्षित डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस हे काम उरकू शकतो. म्हणजे सामूहिक तपासणी आवाक्याबाहेरची नाही. पण ती दुसरी पायरी आहे. पहिल्या पायरीची दुर्बीण, खाट आणि माणसे जागेवर आल्याशिवाय गावात किट वाटणे म्हणजे लोकांना चिंता देऊन वाऱ्यावर सोडणे होईल.

खाट म्हणजे आदल्या रात्रीची खाट. कोपीतल्या माणसाला पोट साफ करण्यासाठी आदल्या संध्याकाळीच दाखल करून घ्यायचे, शौचालयाजवळच्या खोलीत, सोबतच्या माणसाच्या जेवणासह. डेलावेअरच्या परिचारिकांचे काम इथे आशाताई आणि जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र मिळून करू शकतात, त्या कामाचा वेगळा मोबदला ठरवला तर. आशांच्या डोक्यावर आणखी एक फुकटचे काम टाकून हे होणार नाही. टोळी एप्रिलमध्ये बीडला परतली तर रुग्णाचा कागद तिथल्या आरोग्य केंद्राकडे जावा, कारण गाठ सापडलेल्या माणसाचा पत्ता हंगामाबरोबर बदलतो.

यात कारखान्यांचाही वाटा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यायचे, अशी रचना ठरलेली आहे. त्या पैशातून दुर्बीणही येऊ शकते आणि दाखल राहिलेल्या दिवसांची मजुरीही देता येते. तपासणीसाठी पाठवलेल्या कोयत्याचा तो दिवस खाडा धरायचा नाही, एवढी एक अट कारखान्याने मुकादमाच्या करारात घातली तर पुढच्या हंगामापासूनही ती लागू होऊ शकते. त्यासाठी दिल्लीहून कोणत्याही मार्गदर्शक सूत्राची वाट पाहावी लागत नाही.